बेगूरचा दगड आणि पाद्र्याचे घराणे

पुण्या-मुंबईच्या, सांगली-कोल्हापूरच्या कितीतरी घरांत आता इलेक्ट्रॉनिक सिटी हे नाव आजोळच्या गावासारखे सहज घेतले जाते. कुणाचा मुलगा तिथे नोकरीला, कुणाची सून, कुणाचा जावई. आईवडील दिवाळीनंतर महिनाभर राहायला जातात, नातवंडांना खेळवतात, बाल्कनीतून समोरची काचेची इमारत पाहतात आणि आठव्या दिवशी विचारतात, ‘‘इथे बघण्यासारखे काय आहे रे?’’ मुले लालबाग सांगतात, म्हैसूर सांगतात, फार तर बन्नेरघट्टा. हाकेच्या अंतरावरचे बेगूर मात्र कुणी सांगत नाही.

इलेक्ट्रॉनिक सिटीची कथा तशी अलीकडची. कर्नाटक सरकारच्या केऑनिक्स या कंपनीने १९७८ मध्ये होसूर रस्त्यालगत सुमारे ३३५ एकर जमीन घेऊन ही वसाहत आखली. त्यामागे केऑनिक्सचे पहिले प्रमुख आर. के. बाळिगा यांची जिद्द होती. तेव्हा या भागात शेते होती, तलाव होते, रागीची खळी होती. पुण्यात १९८१ साली सुरू झालेली इन्फोसिस दोन वर्षांत बंगळूरला गेली आणि १९९४ मध्ये इथल्या प्रशस्त आवारात आली. मग बाकीचे आले. २०१० मध्ये शहरापासून इथपर्यंत जवळपास दहा किलोमीटरचा उड्डाणमार्ग झाला आणि ऑगस्ट २०२५ पासून मेट्रोची पिवळी मार्गिका धावू लागली.

पण स्टेशनांच्या पाट्या नीट वाचल्या तर जुने गाव अजून डोके वर काढते. कोणप्पन अग्रहार, सिंगसंद्र, बोम्मसंद्र. अग्रहार म्हणजे विद्वान ब्राह्मणांना दान दिलेली वस्ती. ‘संद्र’ हा ‘समुद्र’ या शब्दाचा घासलेला अवतार, आणि इथला समुद्र म्हणजे गावाने बांधलेला तलाव. मैलोन्‌मैल खारे पाणी नाही अशा पठारावर लोकांनी आपल्या तळ्याला समुद्र म्हणावे, यातली हौस आणि पाण्याची तहान दोन्ही आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला लगेच कळेल.

पहिल्या टप्प्याच्या मागच्या बाजूने दोड्डतोगूरमार्गे निघाले की पाच-सात किलोमीटरवर बेगूर लागते. रस्ता काही रम्य वगैरे नाही. दोन्ही बाजूंना पीजीच्या पाट्या, सिमेंटची दुकाने, मोबाईल दुरुस्ती, इडलीच्या गाड्या. मग एकदम मोठा तलाव दिसतो आणि त्याच्या जवळच नागेश्वराचे देऊळ. पाच शिवलिंगांचे म्हणून पंचलिंगेश्वरही म्हणतात. गंगांच्या काळातले, म्हणजे हजार-अकराशे वर्षांपूर्वीचे. नवा गोपुराचा डामडौल बाजूला ठेवून आतल्या बुटक्या, जाड गर्भगृहाशी गेले की त्याचे वय जाणवते. देवळाच्या आवारात काही दगड उभे आहेत. आपल्याकडे गावाच्या वेशीवर असतात तसे वीरगळ. त्यांतल्या एकावर जुन्या कानडीत काही ओळी कोरलेल्या आहेत. नागत्तर नावाच्या इथल्या सरदाराच्या घरचा बुट्टणसेट्टी ‘बेंगळूर’च्या लढाईत पडला, असा त्यांचा आशय. काळ साधारण इ. स. ८९०.

या चार ओळींचे महत्त्व असे की ‘बेंगळूर’ हे नाव त्यांत स्पष्ट आहे. शाळेत सांगतात ती गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. होयसळ राजा वीर बल्लाळ शिकारीत वाट चुकला, एका म्हातारीने त्याला उकडलेल्या शेंगदाण्यांसारखे दाणे दिले, म्हणून ‘बेंद काळूरु’, उकडलेल्या दाण्यांचे गाव. गोष्ट गोड आहे. पण बल्लाळ बाराव्या शतकातला आणि बेगूरचा दगड नवव्या. म्हातारीच्या आधी तीनशे वर्षे गावाला नाव होते आणि त्या नावासाठी माणसे मेलीही होती.

बेगूरचा सर्वांत देखणा वीरगळ मात्र आता बेगूरला नाही. एकोणिसाव्या शतकातच तो बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात हलवण्यात आला. घोडेस्वार, हत्ती, भाले, पडलेली माणसे यांची नुसती झुंबड त्याच्यावर कोरलेली आहे. गंग राजा एरेयप्पाच्या हुकमावरून नागत्तर वीरमहेंद्राच्या सैन्याशी लढायला गेला, तुंबेपाडीच्या रणात हत्तींच्या गर्दीत घुसला आणि पडला, हे त्यावर लिहिले आहे. मग राजाने बेंपूर, म्हणजेच बेगूर, आणि भोवतालची गावे बक्षीस दिली, त्यांची नावे येतात. ज्या जमिनीवर आज संगणकाच्या कंपन्यांची वस्ती आहे, तिच्या शेजारच्या गावांचा हा जुना सातबारा म्हणायला हरकत नाही.

हा दगड वाचून छापणारा माणूस होता बेंजामिन लुई राइस. आणि तो होता एका पाद्र्याचा मुलगा.

थोरले राइस, रेव्हरंड बेंजामिन राइस, लंडन मिशनरी सोसायटीचे. १८३७ च्या सुरुवातीला ते पत्नीसह बंगळूरला आले आणि १८८७ मध्ये याच गावात वारले. मधली पन्नास वर्षे त्यांनी इथेच काढली. कानडी शिकले, इतके की बायबलच्या कानडी भाषांतराच्या दुरुस्तीच्या कामात त्यांना बसवले गेले. पेठेत प्रवचने, शाळांची देखरेख, बंगळूरभोवतीच्या खेड्यांतून दौरे. दौरा म्हणजे घोडा किंवा बैलगाडी, तंबू, औषधांची पेटी आणि पुस्तकांचा गठ्ठा. त्यांच्या पत्नीने आणि सूएल या सहकाऱ्याच्या पत्नीने १८४० च्या दशकात कानडी मुलींची शाळा सुरू केली. पुण्यात सावित्रीबाईंनी मुलींना शिकवायला सुरुवात केली त्याच्या थोडी आधीची ही हकिगत. अॅव्हेन्यू रोडवर, जिथे आज पुस्तकांच्या आणि लग्नपत्रिकांच्या दुकानांत मुंगीला शिरायला जागा नसते, तिथे राइस मेमोरियल चर्च आहे ते या बेंजामिन राइसांच्या नावाचे. त्यांचा धाकटा मुलगा एडवर्ड हाही वडिलांच्याच मिशनमध्ये पाद्री झाला, त्यानेच वडिलांचे चरित्र लिहिले, आणि पुढे कानडी वाङ्मयाचा इतिहास इंग्रजीत लिहिला. बऱ्याच इंग्रजी वाचकांना पंप, रन्न, बसवेश्वर पहिल्यांदा भेटले ते त्या छोट्या पुस्तकातून.

बंगळूर हे छावणीचे शहर होते. गोरी पलटण, इंग्रजी शाळा, हवा थंड. इथल्या पाद्र्याला एकटे वाटण्याचे कारण नव्हते. खरी कसोटी खेड्यातल्या पाद्र्याची, आणि म्हैसूर संस्थानात खेड्यांत ठाण मांडले ते मुख्यतः वेस्लियन मेथडिस्ट मंडळींनी.

मेथडिस्ट पंथाचा मूळ पुरुष जॉन वेस्ली. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये घोड्यावर बसून हा माणूस गावोगाव हिंडला आणि खाणीच्या तोंडाशी, बाजाराच्या चौकात, उघड्यावर बोलला. तीच रीत पंथाने पुढे चालवली. मेथडिस्ट पाद्र्याला एका चर्चची गादी मिळत नाही. त्याला मिळते सर्किट, म्हणजे आठ-दहा गावांचा फेरा, आणि काही वर्षांनी बदली. आपल्याकडच्या वारकरी फडाची आणि तलाठ्याच्या नोकरीची ही एकत्र केलेली तऱ्हा वाटते. घरातल्या बाईने तुळस लावावी आणि ती फुटायच्या आत बिऱ्हाड हलवावे, असा तो संसार.

तुमकूरच्या पुढे वीसेक किलोमीटरवर गुब्बी नावाचे गाव आहे. नारळ-सुपारीचा बाजार, लिंगायतांचे मोठे देवस्थान. नाटकवाल्यांना ते गुब्बी वीरण्णांमुळे ठाऊक असते. गुब्बी म्हणजे चिमणी. पुराण ऐकायला रोज दोन चिमण्या येत आणि पुराण संपले त्या दिवशी त्या मरून पडल्या, म्हणून गावाला हे नाव, असे तिथले लोक सांगतात. १८३७ मध्ये, म्हणजे थोरले राइस बंगळूरला आले त्याच साली, थॉमस हॉड्सन या वेस्लियन मेथडिस्ट पाद्र्याने या चिमणीच्या गावात आपले ठाणे उभारले. भोवताली कुणी युरोपियन नाही. बाजाराच्या दिवशी रस्त्यावर उभे राहून बोलायचे, लोकांच्या थट्टेला उत्तर द्यायचे, आणि उत्तर कानडीतच द्यायचे. या सक्तीच्या तालमीतूनच बहुधा हॉड्सनने पुढे कानडीचे प्राथमिक व्याकरण लिहिले. ते १८५९ मध्ये छापले गेले.

त्याच्या हाताखाली १८३९ मध्ये वीस वर्षांचा एक आयरिश तरुण आला, विल्यम आर्थर. हुशार, बोलका, उतावळा. कानडी त्याने झपाट्याने आत्मसात केली. पण डोळे बिघडले. दोन वर्षांतच, १८४१ मध्ये, त्याला मायदेशी परतावे लागले. पुढचे सगळे आयुष्य त्याने तिकडे काढले. १८६६ मध्ये तो ब्रिटिश मेथडिस्ट परिषदेचा अध्यक्ष झाला, बेलफास्टच्या मेथडिस्ट कॉलेजचा पहिला प्राचार्य झाला, १९०१ मध्ये फ्रान्समध्ये कान इथे वारला. पण १८४७ मध्ये त्याने म्हैसूर प्रांतातल्या त्या दोन वर्षांवर जे पुस्तक लिहिले, ते आजही अभ्यासक उघडतात. हिंदू धर्माविषयी तो जे लिहितो ते त्या काळच्या मिशनऱ्यांसारखेच कडवट आणि पुष्कळदा अन्यायाचे आहे. तेवढी पाने वाचताना मराठी वाचकाच्या कपाळाला आठी पडेल. मात्र प्रवास, गावातली माणसे, त्यांच्याशी झालेले वाद यांचे वर्णन जिवंत आहे. ज्या माणसाला दोनच वर्षे मिळाली त्याने एवढे पाहिले, आणि जो वर्षानुवर्षे राबला त्या हॉड्सनचे नाव मात्र कानडी व्याकरणाच्या जुन्या याद्यांतच उरले. हे असे होतेच म्हणा.

या मेथडिस्टांना शब्दांचे भारी वेड. डॅनियल सँडरसन याने जुन्या कानडी-इंग्रजी कोशाची नवी आवृत्ती १८५८ मध्ये काढली. जॉन गॅरेट बंगळूरच्या वेस्लियन छापखान्याचा कारभार पाहात होता, आणि त्या मिशनच्या छापखान्यातून त्याने १८४९ मध्ये चक्क भगवद्गीता छापली, संस्कृत, कानडी आणि इंग्रजीत! हाच गॅरेट पुढे मिशन सोडून म्हैसूरच्या शिक्षणखात्याचा प्रमुख झाला. आणि गॅरेटच्या जागी आला तो आपला लुई राइस. पाद्रीपणाचा झगा उतरवलेल्या मेथडिस्टाची खुर्ची, झगा कधीच न घातलेल्या पाद्रीपुत्राकडे.

लुईचा जन्म बंगळूरचा, १८३७ सालचा. शिकायला विलायतेला पाठवला, तिथून बी. ए. होऊन १८६० मध्ये परत आला तो बंगळूर हायस्कूलचा मुख्याध्यापक म्हणून. पुढे शाळा तपासनीस झाला. शाळा तपासायच्या म्हणजे पुन्हा घोडा, तंबू आणि खेडी. वडिलांचाच दौरा, कारण तेवढे वेगळे. प्रत्येक गावी शाळेच्या आधी देऊळ, तलावाचा बांध किंवा वेस लागे आणि तिथे अक्षरे कोरलेला दगड उभा असे. लहानपणापासून कानडी कानावर पडलेली. मेजर डिक्सन या अधिकाऱ्याने घेतलेली शिलालेखांची छायाचित्रे सरकारने त्याच्याकडे वाचायला सोपवली आणि त्यातून १८७९ मध्ये म्हैसूरच्या लेखांचे पहिले पुस्तक तयार झाले. तिथून हा माणूस थांबला नाही. ‘एपिग्राफिया कर्नाटिका’ या नावाने १८८६ पासून वीस वर्षांच्या आत बारा खंड निघाले. लेखांची संख्या जवळपास नऊ हजार. कर्नाटकात त्याला शासन-पितामह म्हणतात, ते उगीच नव्हे. शिवाय दोन वेळा लिहिलेले म्हैसूरचे गॅझेटियर, १८८१ ची जनगणना आणि जुन्या कानडी ग्रंथांची माला. त्या मालेत कविराजमार्ग हा कानडीतला सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ १८९८ मध्ये संपादून दिला तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवलेल्या का. बा. पाठकांनी. कानडी भाषेचा मुलूख कावेरीपासून गोदावरीपर्यंत, असे त्या ग्रंथात म्हटले आहे. सीमाप्रश्नावर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मंडळींनी हे एकदा शांतपणे वाचावे.

१८९२ मध्ये चित्रदुर्ग जिल्ह्यात मोळकाल्मूरूजवळ त्याला अशोकाचे शिलालेख सापडले. मौर्यांचे राज्य इतके दक्षिणेला पोहोचले होते, ही त्या वेळी मोठी बातमी होती. वाद मात्र त्याच्या वाट्याला खूप आले. मुंबई इलाख्यातला सनदी अधिकारी जे. एफ. फ्लीट हा त्या काळचा दुसरा मोठा लेखवाचक. राइसने छापलेले गंग राजांचे कितीतरी ताम्रपट बनावट आहेत, असे फ्लीटने ठणकावून सांगितले आणि दोघांची अनेक वर्षे जुंपली. काही पट बनावट ठरले, काहींच्या बाबतीत पुढच्या अभ्यासकांनी राइसच्या पारड्यात माप टाकले. बेगूरचा तो संग्रहालयातला दगडही फ्लीटने पुन्हा स्वतंत्रपणे वाचून छापला. दोन इंग्रज, एका कानडी सरदाराच्या मरणावरून, अनुस्वार आणि काना-मात्रांसाठी भांडताहेत, हे चित्र मजेचे खरे. पण त्या भांडणामुळेच वाचन पक्के झाले.

आणि आता आपल्या घरची गोष्ट. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी ‘श्रीचावुंडराजें करवियलें’ आणि ‘श्रीगंगराजे सुत्ताले करवियले’ हे मराठी लेख आहेत, हे मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने घोकलेले असते. पहिला लेख पुतळ्याच्या वेळचा, दहाव्या शतकाच्या अखेरचा धरून तो मराठीतला आद्य शिलालेख म्हणून पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. पुढे त्याच्या काळाबद्दल मतभेद झाले आणि अलिबागजवळच्या अक्षीचा १०१२ सालचा लेख आधीचा, असे मानणारे पुष्कळ झाले. तो वाद विद्वानांचा. पण गोमटेश्वराच्या पायाजवळची ही अक्षरे टिपून, इतर शेकडो लेखांबरोबर १८८९ च्या ग्रंथात छापली ती लुई राइसने. बंगळूरचा मल्लेश्वर भाग ज्याच्या नावाने ओळखला जातो त्या काडु मल्लेश्वराच्या देवळापाशी शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांचा १६६९ चा दानलेख आहे. शहाजीराजांची बंगळूरची जहागीर आपण इतिहासात वाचतो. राइससारख्यांनी दगड वाचले नसते तर तिची अशी जागेवरची खूण आपल्याला कुठून दाखवता आली असती?

एक गोष्ट मनात राहून राहून येते. १८६० ते १८८७ अशी सत्तावीस वर्षे बाप आणि मुलगा एकाच गावात होते. बापाने आयुष्य घातले लोकांना देवळाकडून चर्चकडे वळवण्यात. मुलाने आयुष्य घातले देवळाला कुणी किती खंडी भात, किती दिवे, किती जमीन दिली ते शब्दन्‌शब्द टिपण्यात. रात्री जेवणाच्या टेबलावर त्यांचे काय बोलणे होत असेल? मुलाने बापाचा विश्वास नाकारला असे म्हणण्यासारखे काही नाही, आणि बापाने मुलाला अडवले असेही नाही. कानडी दोघांची होती. बापाने ती बोलण्यासाठी शिकली आणि मुलगा ती ऐकतच वाढला. माझ्या मते हीच त्या घराण्याची खरी मिळकत.

असे वेड केवळ गोऱ्या पाद्र्यांनाच होते असे समजू नये. धारवाडला १८८१ मध्ये जन्मलेले चन्नप्पा उत्तंगी हे बासेल मिशनचे पाद्री. खेड्यापाड्यांत काम करता करता त्यांनी लोकांच्या तोंडून आणि जुन्या पोथ्यांतून सर्वज्ञाच्या त्रिपदी गोळा केल्या आणि १९२४ मध्ये छापल्या. आपल्याकडे तुकोबांच्या ओव्या-अभंग जसे जात्यावर, तसा तिकडे सर्वज्ञ. एका ख्रिस्ती पाद्र्याने तो वाचवला आणि १९४९ मध्ये गुलबर्ग्याला भरलेल्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद लोकांनी त्यांना दिले. आपले रेव्हरंड टिळक वाचकांना आठवल्याशिवाय राहणार नाहीत.

लुई राइस १९०६ मध्ये निवृत्त होऊन इंग्लंडला गेला आणि १९२७ मध्ये नव्वदीच्या घरात वारला. त्याच्या मागून म्हैसूरच्या पुराणवस्तू खात्याची धुरा आर. नरसिंहाचार यांनी घेतली. बेगूरचा तो ‘बेंगळूर’ नाव असलेला लेख त्यांनीच १९१५ च्या सुमारास उजेडात आणला. लंडन मिशनची आणि वेस्लियन मेथडिस्टांची चर्चेस सप्टेंबर १९४७ मध्ये अँग्लिकनांबरोबर एकत्र येऊन चर्च ऑफ साउथ इंडिया झाले. त्यामुळे अॅव्हेन्यू रोडचे राइस चर्च आणि कॉर्पोरेशनजवळचे मेथडिस्ट जोसाया हडसनच्या नावाचे चर्च आज एकाच छत्राखाली आहेत. होसूर रस्त्याच्या शहराकडच्या टोकाला बाल्डविन शाळा दिसते, ती मात्र अमेरिकन मेथडिस्टांची, १८८० सालची. ते वेगळे राहिले.

दगडांचे काय झाले, हा प्रश्न उरतो. राइसने ज्या गावांत लेख नोंदवले त्यांतली कित्येक गावे आता बंगळूरच्या पोटात गेली आहेत. तलाव बुजले, वेशी गेल्या, काही दगड रस्त्याच्या भरावात गेले, काहींवर धुणी धुतली जातात. मिथिक सोसायटी या १९०९ पासूनच्या संस्थेने अलीकडे राइसचे खंड हातात घेऊन एकेक दगड शोधायला आणि त्याची संगणकावर त्रिमिती नोंद करायला सुरुवात केली. खोडलेली, झिजलेली अक्षरे त्या नोंदीत नुसत्या डोळ्यांपेक्षा स्पष्ट वाचता येतात. त्या कामात संगणकात नोकरी करणारी तरुण मुले शनिवार-रविवार खर्च करतात, हे ऐकून बरे वाटले.

मुलाकडे इलेक्ट्रॉनिक सिटीत गेलात तर एक सकाळ बेगूरला द्या. रिक्षावाल्याला नागेश्वर देवस्थान म्हणून सांगावे. सकाळी लवकर जावे, दुपारी देऊळ बंद असते आणि रस्त्याला गर्दी होते. वीरगळांना हात न लावता तिरप्या उन्हात पाहिले तर कोरीव काम उठून दिसते. एखादा लांबचा रविवार मिळाला तर श्रवणबेळगोळ गाठावे. मोटारीने तीन-साडेतीन तास. टेकडीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढायच्या आहेत, तेव्हा उन्हाच्या आधी पोहोचणे चांगले, आणि सोबत पायमोजे ठेवावेत. वर गेल्यावर सगळे माना वर करून पुतळा पाहतात. तुम्ही खाली पायाशी पाहा, तिथे मराठी लिहिलेले आहे.